‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून तीच सुरक्षित’ : एमएक्स-५ वरच्या त्या मेसेजला उत्तर

भाच्याने तो मेसेज मला पाठवला तोवर तो त्याच्या आईपर्यंत पोचलाही होता. ताईने नाशिकहून फोन केला. “जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, त्यामुळे अपघातात तीच टिकते, असं लिहिलंय गं. मग घेऊ दे का त्याला जुनीच?” पोरगा लंडनच्या हॅरो उपनगरात राहतो, रोज एम-वन मोटरवेवरून मिल्टन कीन्सला कामाला जाणार आहे, आणि पहिली गाडी म्हणून त्याला माझदा एमएक्स-५ हवी आहे. हौस चांगलीच आहे. माझ्या दारात स्वतःची १९९१ ची एमएक्स-५ उभी आहे, त्यामुळे त्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. पण इंग्लंडमधल्या मराठी गटांतून फिरणाऱ्या या मेसेजमध्ये एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे, आणि लोक ती ‘अगदी खरं’ म्हणत पुढे ढकलताहेत.

मेसेज थोडक्यात असा : एमएक्स-५ घ्यायची तर पहिल्या पिढीचीच घ्या. तिचा पत्रा जाड आहे, म्हणून ती जास्त सुरक्षित. एअरबॅग हाच धोका, ती काढून चांगलं लेदरचं स्टिअरिंग बसवा. नव्या गाड्या जड आणि कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलेल्या. जुनीचं इंजिनही जास्त दमदार. ती घरच्या घरी दुरुस्त होते, खर्च नाही. किंमत वाढतच जाणार. आणि मधल्या दोन पिढ्यांकडे बघूही नका.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी : ही दोन सीटची, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणारी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. आजवर चार पिढ्या झाल्या. १९८९ ते १९९७ एनए (वर उघडणाऱ्या दिव्यांची), १९९८ ते २००५ एनबी, २००५ ते २०१५ एनसी, आणि २०१५ पासून एनडी.

आता तो पत्रा. एनएचं बॉनेट लोखंडी नाहीच, कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं येतं. चुंबक लावून बघा, चिकटत नाही. तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली ही गाडी घडली तेव्हा वजन कमी ठेवण्यासाठी सगळी धडपड चालली होती. त्यातून १९८९ साली जपानमध्ये विकली गेलेली साधी गाडी ९४० किलोंत बसली. जाड पत्र्याची गाडी ९४० किलोंत बसत नाही. खुद्द मेसेजच एका ओळीत जुनी गाडी जाड पत्र्याची म्हणतो आणि पुढच्या ओळीत नवी जड, जुनी हलकी म्हणतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे पुढे पाठवणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आणि समजा, पत्रा जाड असता, तरी काय? टक्कर होते तेव्हा माणूस वाचतो तो पत्र्याच्या जाडीने नाही. गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळत जाऊन वेग जिरवतो आणि माणूस बसतो तो पिंजरा तसाच्या तसा राहतो, म्हणून तो वाचतो. पुढचा भाग चुरगळलाच नाही तर तो सगळा धक्का बसणाऱ्याच्या छातीला आणि मानेला बसतो. पिंजरा कच्चा असेल तर स्टिअरिंगचा दांडा आणि डॅशबोर्ड आत घुसतो. रस्त्यावर अपघातानंतर नव्या गाडीचं नाक चेपलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, “बघा, कागदासारखी झाली.” अहो, तिने तिचं काम केलंय. आतला माणूस दार उघडून बाहेर आला का, ते विचारा.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. २०१६ साली गाड्या आदळवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप, लॅटिन एनकॅप या संस्था आणि अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची रस्तासुरक्षा संस्था (आयआयएचएस) या तिघांनी मिळून एक चाचणी केली. तिचा व्हिडिओ कुणालाही बघता येतो. एका बाजूला निसान त्सुरू, दुसऱ्या बाजूला निसान व्हर्सा. त्सुरू म्हणजे आपल्या एनएच्याच काळातला, नव्वदीच्या सुरुवातीचा आराखडा, जो मेक्सिकोत तोवर नवाकोरा बनवून विकला जात होता. दोन्ही गाड्या समोरासमोर, अर्ध्या रुंदीत, दोघींचा वेग मिळून ताशी १२९ किलोमीटर अशा आदळवल्या. त्सुरूचा पिंजरा कोसळला. छत वाकलं, डॅशबोर्ड चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आला, आणि तिचा चालक बहुधा दगावला असता असा निष्कर्ष निघाला. व्हर्साच्या चालकाला किरकोळ दुखापतींवर भागलं असतं.

या चाचणीवर मी इतका भर देते, त्याला कारण आहे. ‘जुनी गाडी गंजलेली असेल म्हणून चेपली’ हे उत्तर इथे चालत नाही. आयआयएचएसने २००९ साली १९५९ ची शेव्हरोले बेल एअर त्याच कंपनीच्या नव्या मालिबूवर आदळवली तेव्हा लोकांनी हीच शंका काढली होती. त्सुरू मात्र २०१५ च्या उत्पादनातली होती. गंज नव्हता, वय नव्हतं. जुनं होतं ते फक्त डिझाइन. चाचणीच्या आदल्याच दिवशी निसानने तिचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं.

युरोपात अशाच चाचण्या करून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था म्हणजे युरो एनकॅप. एनएला तिचे तारे कधी मिळालेच नाहीत, कारण ती संस्था १९९७ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी ही पिढी संपली. एनडीची चाचणी २०१५ साली झाली. पाचपैकी चार तारे, आत बसलेल्या मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी ८४ टक्के. पाचवा तारा नाही, हे खरंय. पण चार तारे आणि एकही चाचणी नाही, यातलं काय निवडायचं, हे ताईला सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आता एअरबॅग काढण्याचा सल्ला. हा लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या एनएमध्ये एअरबॅग नव्हतीच. ज्या थोड्या उशिराच्या गाड्यांत ती आहे, त्यांतली ती एकमेव आधुनिक सुरक्षा म्हणायची, आणि तीच काढायची? कशासाठी, तर स्टिअरिंग दिसायला छान दिसतं म्हणून. कारखान्यातून आलेली एअरबॅग गायब दिसली की गाडी वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. विमा कंपनीला न सांगता असा बदल केला तर दाव्याच्या वेळी काय होईल, ते वेगळं सांगायला नको. आणि सीटमागे लावतात त्या चकचकीत क्रोमच्या कमानींना रोल बार समजू नका. त्यांतल्या बऱ्याचशा नुसत्या शोभेच्या असतात, गाडी उलटली तर त्या काहीही पेलत नाहीत. खरा रोल बार सांगाड्याला बोल्टने पक्का बसतो आणि विकणाऱ्याकडे त्याचे कागद असतात.

वजनाचं बोलायचं तर २०१५ ची सर्वांत साधी १.५ लिटरची एनडी जपानमध्ये ९९० किलोंची. म्हणजे सव्वीस वर्षांत, चार एअरबॅग आणि मजबूत पिंजरा मिळूनही, वाढ पन्नास किलोंची. लांबीला तर ती एनएपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर आखूडच आहे. ‘जड झाली’ हे कुणाबद्दल थोडंफार म्हणता येईल तर एनसीबद्दल. ताकदीचा दावाही तसाच. ब्रिटनमध्ये १९९५ नंतर विकलेली १.६ लिटरची एनए फक्त सुमारे ९० अश्वशक्तीची होती, तर एनडीचं २ लिटरचं इंजिन २०१८ च्या सुधारणेनंतर १८४ अश्वशक्ती देतं आणि मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जातं.

कॉम्प्युटरचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करते. एनएचं स्टिअरिंग, विशेषतः पॉवर नसलेलं, रस्ता हातात आणून देतं. डांबराचा पोत बदलला तरी बोटांना कळतो. एनडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग कितीही चांगलं असलं तरी तिथवर पोचत नाही. पण यावरून ‘गाडी कॉम्प्युटर चालवतो’ म्हणणं चुकीचं. एनडीही हाताने गिअर टाकायची मिळते, आणि घसरण सावरणारी यंत्रणा बंद करायला बटण आहे. पावसाळी नोव्हेंबरात, अंधारात, मोटरवेवरून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर ती चालू असलेलीच बरी. मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी ओल्या वळणावर गिरकी घेते तेव्हा नवशिक्याला सावरायला वेळच मिळत नाही.

‘घरच्या घरी दुरुस्त होते, खर्च नाही.’ इंजिनापुरतं म्हणाल तर हो. टायमिंग बेल्ट, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, ही कामं पाना-पक्कड हातात धरता येणारा माणूस अंगणात करतो, मीही करते. सुटे भागही मिळतात. माझदाने २०१७ साली जपानमध्ये एनएच्या पुनर्बांधणीचा कार्यक्रम जाहीर केला आणि काही भाग नव्याने बनवायला घेतले. पण या गाडीला मारतं ते इंजिन नाही, गंज मारतो, आणि गंज घरच्या घरी निघत नाही.

तो कसा लागतो, ते बघा. कापडी टपावरचं पाणी सीटमागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्यांत पानं-माती अडकली की पाणी तुंबतं आणि दाराखालच्या सिलमध्ये उतरतं. सिल म्हणजे दाराखालून जाणारी पोकळ पेटी, गाडीचा कणाच. माझ्या गाडीची डाव्या बाजूची सिल कापली तेव्हा वेल्डरने मला बोलावून दाखवलं : आत चहापत्तीसारखा काळा, ओला गाळ, त्यात कुजलेल्या पानांच्या शिरा अजून दिसत होत्या, आणि आतला पत्रा बोटाने मोडत होता. बाहेरून रंग चकाचक होता. आधीच्या कुणीतरी मागच्या चाकाच्या पुढचं भोक लांबी (पुट्टी) भरून बुजवलं होतं आणि वरून रंग मारला होता. त्यामुळे जुनी बघायला जाताना चुंबक न्या, मागच्या चाकाच्या पुढे सिलच्या खालच्या कडेला लावा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. बाटलीने पाणी सीटमागच्या नळीत ओता आणि ते गाडीखाली पडतं का बघा. जाण्याआधी गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकून एमओटीचा सगळा इतिहास वाचा. तो फुकट आहे. भाच्याने मला पाठवलेल्या १९९३ च्या गाडीच्या इतिहासात सलग तीन तपासण्यांत सिलच्या गंजाची सूचना होती, आणि जाहिरातीत लिहिलं होतं ‘गंज अजिबात नाही’.

गुंतवणुकीचं म्हणाल तर चांगल्या राखलेल्या एनएचे भाव गेल्या काही वर्षांत वाढलेत, हे खरं. पण ते बंद गॅरेजमध्ये ठेवलेल्या, कमी चाललेल्या गाड्यांचे. रोज हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून मिल्टन कीन्सला नेलेली गाडी कुणाची गुंतवणूक होत नाही. शिवाय २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचा युलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, सगळ्या उपनगरांना लागू आहे, हॅरोही त्यात आलं. पेट्रोल गाडीला धुराचा युरो ४ हा निकष लागतो, म्हणजे साधारण २००६ नंतरच्या गाड्या. आधीच्यांतल्या काही बसतात, ते नंबर टाकून कळतं. एनए तिथे अडकते. दिवसाला साडेबारा पौंड. पाच दिवस कामावर नेली की आठवड्याचे साडेबासष्ट. चाळीस वर्षं झालेल्या गाड्यांना यातून सूट मिळते, पण सर्वांत जुनी एमएक्स-५ देखील अजून त्या वयाची झालेली नाही.

मधल्या पिढ्या ‘बघूही नका’ हे तर निव्वळ ऐकीव. एनबीच्या पुढच्या चॅसिस रेल्सना (सांगाड्याच्या लांब पोकळ पट्ट्यांना) आतून गंज लागतो, ते खाली झोपून तपासायलाच हवं. पण एनसी? टायमिंगची साखळी, हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेली शेवटची पिढी, हवं तर आपोआप मिटणारं पक्कं छत, आणि केवळ अशा मेसेजमुळे तिचे भाव पडलेले. रोज वापरायला आणि तरुण माणसाच्या खिशाला मला तीच सर्वांत शहाणी खरेदी वाटते.

एनडीत सगळं सोनंच आहे असंही नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल, मुख्यतः अमेरिकेत, बऱ्याच तक्रारी आल्या आणि माझदाला तो सुधारावा लागला. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावताना आवाज येतो का, ते चालवून बघा.

भाच्याला माझं सांगणं : बजेट बसत असेल तर १.५ ची एनडी, नाही तर दोन लिटरची एनसी. एनए हवीच असेल तर दुसरी गाडी म्हणून, रविवारच्या सकाळसाठी, डोक्यावर छप्पर असलेल्या जागेत. मी स्वतः तुझ्याबरोबर बघायला येईन, चुंबक आणि पाण्याची बाटली घेऊन. आणि तू सहा फूट आहेस. २०१८ च्या सुधारणेआधीच्या एनडीत स्टिअरिंग वरखाली होतं, पुढेमागे होत नाही. त्यामुळे टप लावून, दार बंद करून, नीट बसून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नकोस.