ते फोटो लुप्त संस्कृतीचे नाहीत

जुन्या नक्षीदार इमारतींच्या फोटोंखाली एक मजकूर सर्रास फिरतो: रस्ते ओस, माणूस औषधालाही नाही, आकाश विचित्र, इतकं बारीक काम हातानं होणंच अशक्य, म्हणजे हे लुप्त प्रगत संस्कृतीचे अवशेष, नंतर मुद्दाम पुसून टाकलेले. ब्रह्मदेशातल्या लाकडी मठांचे फोटो घेऊन हे ताडून पाहू.

आधी ओस रस्ते. मद्रास फौजेतला फोटोग्राफर लिनियस ट्राइप 1855 मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर अमरपुराला गेला. मिंडोन राजा गादीवर होता, शहर नांदती राजधानी होतं. ट्राइप मेणकागदावर निगेटिव्ह घेई. त्यावर चित्र उमटायला वेळ लागे, तेवढ्यात चालता माणूस निघून जाई. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फ्रेंच डागेरनं 1838 मध्ये पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्यातही स्पष्ट उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस.

त्या काळच्या रसायनांना निळा रंग चटकन दिसे, लाल-पिवळा जवळजवळ नाहीच. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या महिरपी फोटोत काळपट, जळक्या वाटतात. आकाश कोरं पडे, म्हणून ट्राइप निगेटिव्हवर ब्रशनं ढग रंगवायचा. ‘विचित्र आकाश’ ते एवढंच.

हातानं अशक्य, हे वाचून मात्र मला संताप येतो. सागवान मुरलं की सहसा वाकत-तडकत नाही, त्यामुळे नाजूक पाकळीही टिकते. नक्षीचे तुकडे वेगवेगळे कोरून मग इमारतीवर बसवत. 1903 मध्ये टिली यांनी या कोरीवकामावर पुस्तक काढलं, फोटो फिलिप क्लिअरचे. तेव्हाही तिथले कारागीर हेच काम करत होते. त्यांच्या हातातलं श्रेय काढून कुणा काल्पनिक लोकांना देणं हा अन्याय आहे.

आणि पुसून टाकलं? मिंडोननं 1857 मध्ये मंडाले वसवायला घेतलं, तेव्हा अमरपुराच्या राजवाड्याचे लाकडी भाग सुटे करून तिकडे नेले, पुन्हा उभारले. तो 1878 मध्ये वारला. ज्या महालात वारला तो थिबानं, म्हणजे पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिलेल्या राजानं, राजवाड्याबाहेर हलवून मठ केला. तोच श्वेनंदॉ. बाहेरचा मुलामा ऊन-पावसानं गेला, आत सोनं अजून आहे. उरलेला राजवाडा मार्च 1945 मध्ये ब्रिटिश आणि जपानी फौजांच्या लढाईत जळाला.