आईचं पातळ माजघरात वाळतंय

बाहेर ऑक्टोबरचं रखरखीत ऊन. खळ्यात पापड टाकले तर तासाभरात कडकडीत होतील असं. आणि माझ्या आईचं धुतलेलं पातळ माजघरात, दोरीवर, पंख्याखाली. काल रात्री पुण्याहून गावी आले. सकाळी चहा घेताना ते दिसलं म्हणून विचारलं, “आई, परडातली दोरी तुटली की काय?” आई म्हणाली, “दोरी आहे गो. पण तिकडून दिसतं ना.”

महिना झाला, ती कपडे आत वाळवते. ७४ वर्षांची बाई. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून ज्या परडात, म्हणजे घरामागच्या परसात, वावरली, तिथे आता पदर सावरत, भिंतीकडे बघत जाते. मला हे फोनवर एकदाही बोलली नाही. सकाळपासून डोकं फिरलंय. गावचं भांडण चव्हाट्यावर कशाला, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढे वाचू नका.

“तिकडून” म्हणजे शेजारच्या नव्या कंपाउंडवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून. माणूस हलला की हा कॅमेरा मान वळवतो. मी आज मुद्दाम उभी राहून पाहिलं. मी विहिरीकडे गेले, तो विहिरीकडे वळला. मी न्हाणीच्या दाराशी आले, तो न्हाणीच्या दाराशी आला. बारीक निळा दिवा लागला आणि तसाच राहिला. अंगावर काटा आला माझ्या.

आमच्या आणि त्यांच्या परडाच्या मध्ये गडगा होता. घाटावरच्या मित्रांसाठी सांगते, गडगा म्हणजे माती-सिमेंट काही न लावता दगडावर दगड बसवून रचलेली बुटकी भिंत. आमचा कमरेएवढा होता. पावसाळ्यात त्यावर शेवाळ, नेचे, तेरडा. मध्ये एका जागी दोन चपटे दगड पुढे काढलेले, पाय ठेवून पलीकडे उतरायला. विरजणाची वाटी, फणसाचे गरे, रात्री-अपरात्री तापाची गोळी, सगळं त्या दोन दगडांवरून गेलं-आलं. गणपतीत आरतीची मंडळी टाळ वाजवत तिथूनच यायची.

आणि पलीकडे अण्णा होते. शेजारचे, पण आम्ही सख्खे काका असल्यासारखंच वागलो. अण्णांना शिंपणं करायला पोफळीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, यायचं असलं, की ते पन्नास पावलांवरून खाकरायला सुरुवात करायचे. बादलीची कडी वाजवायचे. आमची विहीर गडग्याला लागून, तिथेच दगडी दोण, तिथेच बायका धुणी धुणार, केस धुणार. मी बारा-तेरा वर्षांची असेन. दोणीपाशी शिकेकाईने केस धूत बसले होते आणि अण्णांचा नारळ सुटून आमच्या बाजूला पडला. अण्णा गडग्यापर्यंत आले, मला पाहिलं असेल-नसेल, तिथल्या तिथे पाठ फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, “वहिनी, नारळ तुमच्यात पडलाय, सवडीने द्या.” आणि उभे राहिले. आई आत चुलीशी होती, तिला यायला वेळ लागला. तोवर हा माणूस उन्हात पाठमोरा उभा. माझे केस धुऊन, पुसून, बांधून झाले. त्या वयात माझ्या लक्षातही आलं नव्हतं की त्यांनी काय केलं. आज दिवसभर मला फक्त ती पाठ दिसतेय. घामाने भिजलेली बंडी आणि खांद्यावरचा पंचा.

अण्णा गेले. मुलं मुंबईत. गेल्या वर्षी थोरल्याने मोजणी आणली. त्याला मी लहानपणापासून दादाच म्हणते. मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना येते तशी आईलाही आली, तिने सही केली. खुणा झाल्या, गडगा त्यांच्या हद्दीत निघाला. त्यावर माझं काही म्हणणं नाही, जमीन त्यांचीच. मे महिन्यात सात फुटी चिऱ्याची भिंत उभी राहिली. गडग्याचे दगड त्या भिंतीच्या पायात गाडले. ते दोन चपटेसुद्धा.

भिंतीवर आई एक शब्द बोलली नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. गडग्याच्या फटींतून पाणी आपली वाट काढायचं, म्हणून तर तो एवढी वर्षं टिकला. या भिंतीला खाली एक भोक ठेवलेलं नाही. जुलैत आमच्या परडात घोटाभर पाणी साचलं, आईची हळद कुजली. तरी ती म्हणाली, “असू दे, पुढच्या वर्षी वरच्या अंगाला लावू.” गणपतीत आरती रस्त्याने वळसा घालून आली, तेव्हाही असू दे. पण कॅमेऱ्याला ती “असू दे” म्हणालेली नाही. गप्प बसलीय. आमच्या आईचं गप्प बसणं ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.

मान्य आहे, चोऱ्या होतात. सुपारी जाते, काजू जातात, वानर बागेत काही ठेवत नाहीत, मोकाट गुरं शिरतात. मुंबईत बसलेल्या माणसाला बंद घराची काळजी वाटणारच. लाव ना कॅमेरा. दाराला लाव, बेड्याला, म्हणजे आवाराच्या फाटकाला लाव, पोफळीवर लाव. आईच्या न्हाणीतून कोण तुझी सुपारी नेणार आहे?

दुपारी वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाखाली उदाहरणच दिलंय, की एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. म्हणजे इंग्रजांनासुद्धा इथे येऊन हे लिहून ठेवावं लागलं! आणि हा कॅमेरा म्हणजे कधी बंद न होणारी खिडकीच ना? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निकाल दिला. तो मुळात सरकारविरुद्धचा, शेजाऱ्याच्या भांडणात तसाच चालेल असं नाही, असं मैत्रीण म्हणते. असेल. मला कोर्टात जायचंच नाही. ज्या घरातून आमच्याकडे विरजण आलं त्या घराला मी नोटीस पाठवणार नाही.

पण अजून एक गोष्ट संध्याकाळी कळली आणि ती लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिन्हीसांजेला आई परडात अळू काढायला गेली होती. वाकलेली. अचानक भिंतीवरून पुरुषाचा आवाज आला, “कोण आहे रे तिकडे?” त्या कॅमेऱ्यात बोलायची सोय आहे. दादा डोंबिवलीत बसून फोनवरून बोलत होता. आईच्या हातातलं अळू, विळा सगळं पडलं. तिला म्हणे क्षणभर अण्णांचाच आवाज वाटला, दोघांचा आवाज सारखा आहे ना. तिने पदर घेतला आणि भिंतीकडे बघून सांगितलं, “मी आहे रे बाबा, मी.” स्वतःच्या परडात. स्वतःच्या अळवाच्या वाफ्यात उभं राहून.

बाप पन्नास पावलांवरून खाकरायचा, आपण येतोय हे बाईमाणसाला कळावं म्हणून. आणि मुलगा दोनशे मैलांवरून ओरडतो, कोण आहे रे!

मी हे चिडून लिहितेय, पण दादा वाईट माणूस नाही हेही मला माहीत आहे. मी दहावीला असताना पुस्तकं त्यानेच आणून दिली. बाबा गेले त्या रात्री मुंबईहून गाडी करून पहाटेला पोचणारा पहिला तोच होता, आईला त्यानेच धरून बसवलं. अंधारात कोणी हललं म्हणून तो घाबरून बोलला असेल. आई दिसली असती तर बोलला नसता. पण दादा, म्हणूनच तर म्हणते. तुझ्या फोनवर ती काळपट आकृती आहे रे. आमच्याकडे ती आई आहे, आणि तुझी काकू.

तू ही पोस्ट वाचणार, तुझ्या बायकोने माझा इथला आधीचा फोटो आत्ताच लाइक केलाय. माझा फोन तू दोनदा उचलला नाहीस, कामात असशील. तर इथेच सांगते. भिंत राहू दे. पुढच्या पावसाच्या आधी खाली पाइप घालायचा, त्याचा अर्धा खर्च मी देईन. आणि तो कॅमेरा उद्याच्या उद्या पोफळीकडे वळवून पक्का कर, मान न वळवणारा. वायरमनला मी सांगितलंय, दहा वाजता येतोय. शिडी आमची आहे. तू फक्त फोन करून हो म्हण. परडातली दोरी मी आत्ता अंधारात पुसून आले.