दोन-दोन दिसतंय!

कालपासून माझी चिडचिड चालू आहे. मुंबईच्या फोर्टात, बोरा बाजारात, जुना रेंजफाइंडर (रोलवाला) कॅमेरा बघायला गेलो होतो. काउंटरवर याशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅनोनेट क्यूएल १७ शेजारी-शेजारी. दोन्हींची लेन्स एफ १.७ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी. पण याशिकाला ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती बंद झाली. आता ॲडॉप्टर लावून भागवायचं. आणि बॅटरी संपली की पठ्ठ्या फक्त १/५०० सेकंदाच्या शटर स्पीडवर चालतो. कॅनोनेटचं नुसतं उजेड मोजायचं मीटर जातं, बाकी स्पीड हाताने लावता येतात.

याशिकाचा रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ आवाज यावा लागतो. नाही आला तर आतलं रबर गेलं समजायचं. मी कान लावून लिव्हर ओढणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, “बघू.”

पासपोर्ट फोटो काढायला आलेले काका. “बघू का?” नाही. नुसतं “बघू”, आणि कॅनोनेट त्यांच्या हातात.

“अहो, दोन-दोन दिसतंय!”

“रेंजफाइंडर आहे काका. मधल्या पिवळ्या चौकटीत दोन प्रतिमा दिसतात. रिंग फिरवून एकावर एक आणल्या की फोकस झाला.”

“म्हणजे बिघडलेलं आपणच फिरवून नीट करायचं? आमच्याकडे आग्फा क्लिक होता. एकच दिसायचं.” मग त्यांनी कॅमेरा उलटा करून पाहिला आणि आवाज खाली आणला. “झाकण लावलेलं आहे. तरी दिसतंय. खेळण्यातला आहे हो हा.”

दिसणारच! बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. या कॅमेऱ्यात झाकण लावून अख्खा रोल काढता येतो. पण हे सांगायच्या आत काका दुकानदाराकडे वळले. “बाद माल गळ्यात मारताय? निम्म्यात द्या यांना.”

दुकानदाराने मला विचारलं, “अंकल आपके साथ हैं?”

“हां,” काका म्हणाले.

दोन्ही कॅमेरे कपाटात गेले. कुलूप लागलं. मी “भाईसाब, मेरे साथ नहीं हैं” म्हणत राहिलो, पण तो एका मेमरी कार्डवाल्याकडे वळला होता.

आधीच या नादात सुख नाही. रोल महाग, धुवायचे पैसे वेगळे, स्कॅनचे वेगळे, आणि निगेटिव्ह परत मागितली की लॅबवाले असं बघतात जणू त्यांच्या घरची भांडी मागतोय. घरी “मोबाईल आहे ना?” ऐकायचं आणि बाजारात हे. सल्ला देणाऱ्यांपैकी एकाने कधी एक रोल घेऊन दिलाय? नाव नको!

काकांचे फोटो आले. त्यांच्याकडे सुटे नव्हते. वीस रुपये मी दिले. का दिले, विचारू नका. “बघा,” म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “याला म्हणतात फोटो.”

कागदावर आठ काका होते.