कोंबड्यांचा बंगला

‘भाड्यान दितलंस काय रे?’ शेजारच्या आबांनी काल सकाळी गडग्यापलीकडून विचारलं. आज दुपारी दुकानात साखर आणायला गेलो, तर वाणी म्हणाला, ‘डिपॉझिट किती?’

बांधलंय काय, तर सहा कोंबड्यांचं खुराडं. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जांभ्याचा चौथरा, वर कौलं, पुढे जाळीबंद अंगण. आत चार बाय पाच फूट, म्हणजे कोंबडीमागे तीन चौरस फुटांहून थोडं जास्तच. मुंबईत माझ्या मेव्हण्याला याहून कमी जागा आहे, पण तो विषय वेगळा.

आबा रोज मिश्री लावत माझ्या चिऱ्यांच्या ढिगावर येऊन बसत. त्यातला एकही चिरा त्यांनी कधी उचलला नाही.

‘ह्यां काय?’

‘दांडी. रात्री उंचावर बसतात ना त्या.’

‘मगे फणस हा मां! आमच्यो कोंबड्यो फणसार निजतत. आणि ह्यां वरती भोक?’

‘हवेला. शिटाचा वास कोंडला की डोळे चुरचुरतात.’

‘कोणाचे?’

यावर काय बोलणार! मग त्यांना अंड्यांचे खोके दिसले. चार कोंबड्यांना एक पुरतो, म्हणून मी दोन केलेत, तेही दांडीपेक्षा खाली. नाहीतर बाया खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण करतात. ‘बाळंतिणीची खोली!’ आबा इतके हसले की मिश्री माझ्या सिमेंटात पडली.

जाळी जमिनीत फूटभर पुरायला घेतली तेव्हा तर त्यांनी घरातून काकींनाच बोलावून आणलं. ‘चोर खंयसून येतलो, पाताळातसून?’ हो, तिथूनच! मुंगूस उकरून येतं. आणि ती षटकोनी ‘कोंबडीजाळी’ म्हणून विकतात ना, ती कोंबडीला आत ठेवते, एवढंच. कुत्र्याने दात लावला की फाटते, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात तिला गंज चढायला फार वेळ लागत नाही. दुकानदार तीच गळ्यात मारत होता. अर्ध्या इंची, जस्त चढवलेली वेल्डची जाळी मागितली, तर म्हणाला, ‘वाघ पाळताय?’ तिचा भाव ऐकल्यावर वाघच परवडला असता असं वाटलं.

खरं सांगायचं तर हा सगळा खर्च मुंगसासाठी नाहीच. तो आबांच्या वाघ्यासाठी आहे. शिमग्याच्या सुमारास माझ्या दोन तलंगा गेल्या. वाघ्याच्या जबड्याला पिसं चिकटलेली मी स्वतः पाहिली. आबांचा निकाल: ‘बिबट्यान नेल्यान.’ आणि बिबट्याने पिसं वाघ्याला बक्षीस दिली असतील! भरपाई राहू दे, कुत्रा बांधा म्हटलं, तर आठवडाभर अबोला. वाडीत सगळे मलाच समजावतात, मुकं जनावर आहे. कोंबडी मात्र मुकी नाही, तिला फक्त रस्सा असतो. ‘गटारीक किती कापतलंस?’ हे विचारल्याशिवाय गडग्यापाशी कोणी पुढे सरकत नाही.

आज तिन्हीसांजेला आबा पुन्हा आले. दाराची कडी दोनदा लावून बघितली, जाळीला हिसका दिला, आत डोकं घालून तूस चिवडला.

‘बरां झाला. मिरगात माझ्यो चार कोंबड्यो हंय घाल. फणसार भिजतत.’

मी हिशेब मांडला. सहा आणि चार दहा, म्हणजे एकीला दोन चौरस फूट. दाटी झाली की एकमेकींची पिसं उपटतात.

‘मगे एक भिंत सरकव,’ आबा म्हणाले. ‘चिरे हत मां अजून?’