झाकली म्हणून वाचली?

“बोट ट्रेलरवर चढवायची, वरून ताडपत्री टाकायची, दोर आवळायचे आणि निघायचं. त्यात काय एवढं?” हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारलं असेल, त्याला त्याच ताडपत्रीत गुंडाळून ताशी ९० च्या वेगाने दोन-चारशे किलोमीटर न्यायला हवं. उतरवल्यावर विचारू, काय एवढं त्यात ते.

अहो, कापड फडफडतं! नुसता आवाज होत असता तर कानात बोळे घालून गप्प बसलो असतो. पण कापड आणि बोट यांच्यामध्ये धूळ असते, बारीक वाळू असते, आणि ते कापड वाऱ्याने तासन्‌तास त्याच त्याच जागी घासत राहतं. खाली काय आहे? तर फायबरवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा. म्हणजे स्वतःच्या बोटीवर तुम्ही दिवसभर पॉलिश पेपर मारत बसलात, आणि तोही पदरचे पैसे खर्चून. मुक्कामाला पोचून कव्हर काढलं की काठावर, क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) आजूबाजूला, काचेच्या चौकटीवर निस्तेज पांढरे पट्टे. उघडी आणली असती तर धूळ बसली असती, पाणी मारलं की गेली असती. हे पट्टे पाण्याने जात नाहीत. पॉलिशचं कंपाउंड लावून घासत बसा, म्हणजे उरलासुरला जेलकोट आणखी पातळ करा.

आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो, हे शाळेत शिकलेलं ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की सगळे कसे विसरतात? ५० च्या जागी १०० ने गेलात तर जोर दुप्पट नाही, चौपट. ८० वरून १०० वर गेलात तरी दीडपटीहून जास्त. वर समोरून वारा असेल तर तो वेगळा. तरी शेजारी बसलेला म्हणतोच, “थोडं दाब की, उजेडात पोचू.” दाबतो बाबा. कव्हर धरायला मागे तू जाऊन बस.

पण खरा राग आहे तो कव्हर विकणाऱ्यांवर. बोट उभी असताना घालायचं कव्हर वेगळं आणि रस्त्यावर नेताना घालायचं वेगळं. पहिल्याचं काम ऊन, पाऊस आणि पक्ष्यांपासून वाचवणं, दुसऱ्याचं काम वाऱ्याला आत शिरू न देणं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात, ‘ट्रेलरवर नेण्यास योग्य’. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहितात, वाऱ्याने फाटल्यास वॉरंटी लागू नाही. मग योग्य कुठे, बंद गोदामात? माझं फाटलेलं कव्हर घेऊन गेलो तर काउंटरमागचा माणूस शांतपणे विचारतो, “कुठल्या वेगाने नेलंत?” रस्त्याच्या वेगाने नेलं, साहेब! हायवेवर ढकलत न्यायची होती का?

त्यात ते ‘१७ ते १९ फुटी सर्व बोटींना बसणारं’ प्रकरण. सर्वांना बसणारं म्हणजे एकालाही धड न बसणारं. कुठेतरी झोळ राहतोच, झोळात वारा भरतो, कडेचं इलास्टिक ताणलं जातं आणि मग एक कोपरा सुटतो. एक सुटला की बाकीचे सुटायला वेळ लागत नाही. रात्री थांबलात आणि पाऊस आला तर त्याच झोळात तळं साचतं. एक चौरस मीटरभर जागेत १० सेंटिमीटर पाणी साचलं तरी झाले १०० किलो! मधली आधाराची काठी आडवी होते, शिवण उसवते आणि सगळं पाणी बोटीत. बुडाचं बूच काढून ठेवलेलं असेल तर वाचलात, नाहीतर ट्रेलरने ते वजनही ओढा.

बोटीच्या मापाचं शिवून घेतलेलं, सगळीकडून घट्ट बसणारं कव्हर असेल तर जरूर घाला. नसेल तर सरळ उघडी न्या. गाद्या, लाइफ जॅकेट, उडेल ते सगळं गाडीत टाका, वरचं छत नुसतं दुमडून न ठेवता काढूनच घ्या, झाकणांना कड्या लावा. हे सांगितलं की लोक असे बघतात, जणू मी मूल उघड्यावर टाकून आलोय.

आता बोट ट्रेलरला बांधायचे पट्टे. सल्ला देणाऱ्यांना एकच शब्द येतो, “आवळ!” आणखी आवळ, अजून एक दात ओढ. पाण्यात बोटीच्या सगळ्या बुडाला सारखा आधार असतो, ट्रेलरवर तीच बोट चार फळ्यांवर किंवा मूठभर रोलरवर टेकलेली असते. फळ्या मागच्या टोकापर्यंत पोचत नसतील तर इंजिनाकडचा भाग लटकत राहतो, आणि पट्टा आवळायचं दातेरी रॅचेट करकचून ओढलं की बुडालाच बाक येतो. पट्ट्याखाली काठावर जाड कापड घालायचं, पट्ट्याला एक-दोन पीळ द्यायचे म्हणजे तो वाऱ्यात गुणगुणत नाही, एवढं साधं कोणी सांगणार नाही. पुढची विंच, ती दोर गुंडाळायची चरखी, म्हणजे बांधणी नव्हे, हेही कोणी सांगणार नाही. बोट वर ओढून घ्यायला आहे ती! नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कडीला वेगळी साखळी हवी आणि मागे दोन्ही बाजूंना स्वतंत्र पट्टे हवेत.

इंजिनाचं तर विचारूच नका. १०० हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, दीडशे किलोच्या पुढे जातं. ते वर उचलायचं, स्वतःच्या छोट्या खटक्यावर टेकवायचं आणि खड्ड्यांतून निघायचं. तो खटका बोट उभी असताना इंजिन वर ठेवण्यासाठी असतो. प्रत्येक खड्ड्यात ते धूड बोटीची मागची फळी उचकटायला बघतं. ट्रेलर आणि इंजिन यांच्यामध्ये घालायचा आधाराचा दांडा मिळतो. पण नवी बोट विकताना तो कोणी दाखवत नाही, बाटल्या ठेवायचे खण मात्र उघडून उघडून दाखवतात.

दगडांचं खापर आपण ट्रकवाल्यांवर फोडतो, पण निम्मे दगड आपल्याच गाडीची मागची चाकं उडवतात. मागे मडफ्लॅप लावा, नाहीतर पोचेपर्यंत नाळेवर देवीचे व्रण.

आणि एवढं सगळं करून पाण्याशी पोचलं की तिथे कोणीतरी घाई करायला उभाच असतो, “चला, घाला पाण्यात!” अरे, ट्रेलरच्या चाकांचे हब, बेअरिंग असतात ते मधले भाग, तापलेत! गरम हब थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, मग ग्रीसची होते दुधाळ लापशी आणि परतीच्या वाटेत बेअरिंग बसतं. थांब जरा. हबला हात लावून बघू दे, दिव्यांची वायर काढू दे.

शेवटची तक्रार गाडीतल्याच माणसांबद्दल. निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून पट्टे तपासावेच लागतात, कारण बोट हलून हलून फळ्यांवर बसते आणि पट्टे ढिले पडतात. नायलॉनचे असतील तर भिजल्यावर आणखी सैलावतात. मी उतरलो की मागून सुस्कारा ऐकू येतो, “परत थांबलास?” हो, परत थांबलो. पुढच्या पंपावरही थांबणार आहे. कंटाळा आला असेल तर खाली उतरा आणि त्या बाजूचा पट्टा बघा.