फॅटी लिव्हर काढ्याने ‘साफ’ होत नाही

‘फॅटी लिव्हर म्हणजे यकृतात साचलेलं विष. मूळ कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. गुळवेल, हळद, मिरीचा काढा २१ दिवस अनशापोटी घ्या, त्यातले अँटिऑक्सिडंट यकृत साफ करतील. बारीक माणसांना हा आजार होत नाही. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर काळजी नाही.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. एका काकूंनी काढा सुरू केला आणि मधुमेहाची गोळी बंद केली, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ते ‘विष’. यकृतात साचते ती चरबी. ५ टक्क्यांहून अधिक पेशींत ती दिसली की फॅटी लिव्हर म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की अंगातल्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटत राहतात आणि यकृतात येऊन पडतात. शिवाय जास्तीच्या साखरेची चरबी यकृत स्वतःच बनवतं. आजाराच्या नावातलं ‘नॉन-अल्कोहोलिक’ जाऊन २०२३ मध्ये ‘मेटाबॉलिक’ (चयापचयाशी निगडित) आलं, ते याचसाठी.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि माणूस फसतो तो अशा अर्ध्या खऱ्यालाच. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया ही चरबी जाळतात. चुलीत पेलवेल त्याहून जास्त लाकडं कोंबली की घरभर धूर होतो, तसे इथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. पेशींची आवरणं बिघडतात, सूज येते, आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर यकृतात तंतू, म्हणजे व्रणासारखे कडक धागे, धरू लागतात. म्हणजे धूर खराच आहे. पण लाकडं कोंबणं थांबवल्याशिवाय तो कसा जाणार?

अँटिऑक्सिडंट म्हणजे या उपद्रवी रेणूंना आवरणारे पदार्थ. ई जीवनसत्त्व त्यातलंच, आणि त्याची कसून परीक्षाही झाली आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘पिव्हेन्स’ चाचणीत यकृताला सूज असलेले, पण मधुमेह नसलेले २४७ जण होते. रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व ९६ आठवडे घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांत सुधारणा दिसली. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीवर १९ टक्क्यांत. फायदा खरा, पण तंतूंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, आणि काकूंसारखे मधुमेही त्यात नव्हतेच. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

काढा तरी निरुपद्रवी? २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. हळदीच्या गोळ्यांनंतरही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगात जास्त शोषलं जातं. आमटीतल्या चिमूटभर हळदीला कोणी बोल लावत नाही. प्रश्न मात्रेचा आहे.

बारीक माणसालाही हा आजार होतो. वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा: आपल्याकडे पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटीमीटरच्या पुढे सावध व्हायचं.

उपाय रुचकर नाही, पण सिद्ध आहे. वजन ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटते, ७ ते १० टक्के उतरलं की सूजही. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

राहिला एसजीपीटी. तो नॉर्मल असूनही आत तंतू धरलेले असू शकतात. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखीच रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरून तंतूंचा अंदाज देणारा ‘फिब-४’ हा आकडा निघतो, वेगळी तपासणी लागत नाही. तो जास्त आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी. काकूंचे जुने रिपोर्ट घेऊन उद्या त्यांच्या डॉक्टरांकडे चाललोय. गोळीचंही तिथेच विचारणार.