उजव्या सीटवरचा पोरगा

६ ऑगस्ट आला की दरवर्षी फेसबुकवर तेच सुरू होतं. तोच ढगाचा फोटो आणि खाली हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला ते बरोबर की चूक, यावर दोनदोनशे कमेंटी. मीही पूर्वी तावातावाने भांडलोय, खोटं कशाला बोलू. हल्ली नाही भांडत. डर्डन लूपर हे नाव वाचल्यापासून त्या भांडणातली मजाच गेली.

कोण हा? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला पोरगा, विशी नुकतीच ओलांडलेली, 'लोनसम लेडी' नावाच्या बी-२४ बॉम्बरचा को-पायलट. आता को-पायलट म्हटलं की आपल्याला ट्रकवरचा क्लीनर आठवतो, तसं नाही हां. बी-२४ म्हणजे चार इंजिनांचं धूड, कंट्रोल्स इतके जड की बाकीच्या विमानांच्या रांगेत ते तासन्‌तास धरून ठेवणं एका माणसाच्या खांद्यांचं काम नव्हतंच, दोघं आळीपाळीने चालवायचे, शिवाय इंजिनांच्या काट्यांवर नजर ठेवायची उजवीकडच्यानेच. पण विमानाचा मालक डावीकडचा, म्हणजे पायलट. तो इथे होता थॉमस कार्टराइट. तोही तेवढ्याच वयाचा पोरगा!

२८ जुलै १९४५. ओकिनावाहून उड्डाण, टार्गेट कुरे बंदराजवळ उभी असलेली हारुना युद्धनौका. आणि उभी म्हणजे खरंच उभी, कारण जपानकडे तेलच उरलं नव्हतं. ती कुठे जाणार नव्हती, कुणावर चालून जाणार नव्हती, पण तिच्यावरच्या विमानविरोधी तोफा मात्र चालू होत्या. लोनसम लेडीला गोळे लागले आणि नऊच्या नऊ जणांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. एक जण त्यातच गेला, एक जण वेगळीकडे पडला आणि वेगळा पकडला गेला (तो पुढे वाचला). बाकीच्यांना पकडून नेलं हिरोशिमाला.

इथे मी अडकतो दरवेळी. कार्टराइट पायलट, म्हणजे याला जास्त माहिती असणार, असा हिशोब करून जपान्यांनी त्याला पुढच्या चौकशीसाठी टोकियोकडे हलवलं. लूपरला नाही नेलं, को-पायलटला काय विचारायचं! लूपर आणि आणखी पाच जण हिरोशिमातच राहिले, लष्करी पोलिसांच्या कोठडीत. ६ ऑगस्टला सव्वाआठ वाजता बॉम्ब जिथे फुटला तिथून ती इमारत जेमतेम ४०० मीटरवर होती.

कार्टराइट घरी परतला, प्रोफेसर झाला, नव्वदीपर्यंत जगला. दोघांच्या सीटमध्ये हातभर अंतर होतं फक्त.

आणि अमेरिकेला माहीत नव्हतं का? तर जुलैच्या शेवटी तारा गेल्या होत्या वॉशिंग्टनला, की टार्गेट शहरांपैकी हिरोशिमातच आपल्या युद्धकैद्यांची छावणी नाही असं दिसतंय. वरून उत्तर आलं, माहिती पक्की वाटत असेल तर हिरोशिमाला प्राधान्य द्या. म्हणजे आपली माणसं वाचावीत म्हणून जे शहर निवडलं त्याच शहरात आपली माणसं. छावणी नव्हती हे खरंच होतं म्हणा, कोठडी होती.

त्या सकाळी वरही एक को-पायलट होता बरं का. रॉबर्ट लुईस. बॉम्ब टाकणारं विमान, एनोला गे, एरवी त्याच्या क्रूकडे असायचं, पण या मिशनला त्यांचा कमांडर टिबेट्स स्वतः डावीकडे बसला, विमानाला स्वतःच्या आईचं नाव दिलं आणि लुईस गेला उजव्या सीटवर. त्याने लॉगमध्ये लिहिलं, देवा, हे आपण काय केलं! एका देशाचे दोन को-पायलट, एक वर आणि एक बरोब्बर खाली, आणि वरच्याला खालच्याचा पत्ता नाही.

पानिपतनंतरचा तो निरोप आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलाय, दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही. लूपर खुर्द्यातला. त्याच्याच देशात कित्येक वर्षं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं की आपली बारा पोरं (दुसऱ्या विमानांतली धरून) हिरोशिमात आपल्याच बॉम्बने गेली. त्यातले दोघं तर लगेच मेलेही नाहीत, १९ ऑगस्टपर्यंत किरणोत्सर्गाने तडफडत होते.

हा खुर्दा मोजला कुणी? तर शिगेआकी मोरी या जपानी माणसाने. बॉम्ब पडला तेव्हा हा आठ वर्षांचा, पुलावरून खाली ओढ्यात फेकला गेला म्हणून वाचला. मोठेपणी हा कुणी प्रोफेसर-बिफेसर नाही, साधा नोकरदार. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे घालून तीसेक वर्षं शोधत राहिला, कुठलं विमान कुठे पडलं, आत कोण होतं, त्यांचे नातेवाईक आता कुठे असतील. कार्टराइटला पत्रं लिहिली, बाकीच्या घरच्यांना शोधून काढलं. २०१६ मध्ये ओबामा हिरोशिमात एका म्हाताऱ्याला मिठी मारतात तो फोटो आठवतोय? तो हाच. मीही तेव्हा तो फोटो लाईक करून पुढे गेलो होतो!

लोक म्हणतात शत्रूसाठी एवढं कशाला, आणि आपल्याकडे तर टीव्हीवर युद्ध सुरू झालं की सोफ्यावरचे लोक रात्रीत जनरल होतात, समोरचा मेला की स्कोअर वाढतो. मला मोरींचं हे काम कुठल्याही युद्धस्मारकापेक्षा मोठं वाटतं. तोफा-बिफा मांडलेली स्मारकं सरकारं बांधतच असतात.

१९९८ मध्ये मोरींनी त्या कोठडीच्या जागी एक पाटी लावून घेतली. पुढच्या वर्षी कार्टराइट तिथे येऊन गेला, पंचाहत्तरीतला म्हातारा. हिरोशिमाच्या स्मारकात बॉम्बने गेलेल्यांची नावं आणि फोटो स्क्रीनवर शोधता येतात, हजारो जपानी चेहरे. त्यांच्यातच मोरींनी अर्ज भरून भरून ही बारा अमेरिकन नावं घालून घेतली. लूपरचंही.